गुलामांच्या जहाजाचा कॅप्टन पाद्री झाला आणि राजकारण सोडायला निघालेल्या खासदाराला त्यानेच थांबवलं

तारीख ७ डिसेंबर १७८५. लंडनच्या हॉक्स्टन भागातल्या चार्ल्स स्क्वेअर नावाच्या चौकात एक ठेंगणा, किडकिडीत तरुण घुटमळत होता. त्याला एका घरात जायचं होतं, पण दार वाजवायचा धीर होत नव्हता. शेवटी त्याने अख्ख्या चौकाला एक-दोन फेऱ्या मारल्या आणि मग कुठे दार ठोठावलं.

हा गडी काही साधासुधा नव्हता. नाव विल्यम विल्बरफोर्स, वय २६. यॉर्कशायरसारख्या मोठ्या मतदारसंघाचा खासदार आणि पंतप्रधान विल्यम पिट याचा जिगरी दोस्त. पार्ट्यांमध्ये गाणं म्हणायला लागला की लोक भोवती गोळा व्हायचे. पण त्या वर्षी त्याच्या मनात धर्माने घर केलं होतं, आणि लंडनच्या बड्या लोकांमध्ये तेव्हा मनापासून धार्मिक असणं ही टिंगलीची गोष्ट होती. अशा माणसाला मेथडिस्ट म्हणून हिणवायचे. उगवता नेता एका असल्या पाद्र्याच्या घरी जाताना दिसला असता तर दुसऱ्या दिवशी क्लबात चर्चेला दुसरा विषय उरला नसता. म्हणूनच भेटीसाठी लिहिलेल्या चिठ्ठीत त्याने ही गोष्ट गुप्त ठेवायची विनंती केली होती.

दाराच्या आत होता ६० वर्षांचा एक पाद्री. एके काळी हा माणूस आफ्रिकेतून माणसं भरून नेऊन विकायचा.

त्याचं नाव जॉन न्यूटन. सफरचंदवाला न्यूटन वेगळा, तो आयझॅक. पण या न्यूटनचं कामही तुम्ही कधी ना कधी ऐकलेलं असणार. 'अमेझिंग ग्रेस' हे जगभर गायलं जाणारं गाणं त्याने लिहिलेलं आहे. गुलामांच्या जहाजाचा कॅप्टन, वादळ, पश्चात्ताप आणि मग गाणं, अशी त्याची गोष्ट सोशल मीडियावर दर काही दिवसांनी फिरत असते. ती इतकी सरळ नाही. आणि गाण्याच्या नादात त्याचं दुसरं काम मागे पडतं. आयुष्याची शेवटची ४० वर्षं हा माणूस खचलेल्या लोकांना धीर देत बसला होता. घरी चहा पाजून, मैलोनमैल चालत जाऊन आणि ढिगाने पत्रं लिहून.

गोष्ट पहिल्यापासून पाहू.

जॉनचा जन्म १७२५ चा, लंडनच्या वॉपिंग या बंदराच्या वस्तीतला. बाप जहाजाचा कप्तान, त्यामुळे वर्षातले कित्येक महिने समुद्रावर. आई एलिझाबेथ मोठी श्रद्धाळू. तिने मांडीवर बसवून पोराला वाचायला शिकवलं, बायबल आणि प्रार्थनागीतं पाठ करून घेतली. तिला क्षय होता. जॉन सात वर्षांचा व्हायच्या आधीच ती गेली. ११ व्या वर्षी बापाने पोराला जहाजावर घेतलं आणि शाळेशी संबंध संपला.

१७ व्या वर्षी आईच्या ओळखीच्या एका घरी, केंटमधल्या चॅटमला तो पाहुणा म्हणून गेला. तिथे मेरी कॅटलेट दिसली. ती अजून १४ ची पण झाली नव्हती. घरचे तिला पॉली म्हणायचे. जॉन जो अडकला तो अडकलाच. तीन दिवसांचा मुक्काम तीन आठवड्यांवर गेला आणि जमैकाला निघालेलं जहाज त्याच्याशिवाय गेलं. बाप संतापला, पण पोरगा काही सुधारला नाही.

१७४४ मध्ये नौदलाच्या टोळीने त्याला जबरदस्तीने पकडून युद्धनौकेवर नेलं. तेव्हा इंग्लंडमध्ये ही सर्रास पद्धत होती, रस्त्यात दिसलेला खलाशी उचलायचा आणि नौकेवर टाकायचा. बापाच्या वशिल्याने तिथे त्याला बरी जागा मिळाली, पण जॉन पळून गेला. पकडला गेला, सगळ्यांसमोर चाबकाचे फटके बसले आणि पद गेलं. पुढे कप्तानानेही सुटलो म्हणत त्याला मदेइरा बेटाजवळ दुसऱ्या जहाजावर ढकललं. ते जहाज गुलामांच्या व्यापारातलं होतं.

तिथून तो सिएरा लिओनच्या किनाऱ्याजवळच्या प्लँटेन बेटांवर एका गोऱ्या व्यापाऱ्याकडे नोकरीला लागला. त्या व्यापाऱ्याची आफ्रिकन बायको तिथली वजनदार बाई होती आणि तिला हा पोरगा अजिबात आवडला नाही. जॉन तापाने फणफणला तेव्हा त्याला पाणीसुद्धा वेळेवर मिळेना. तो रात्री चोरून शेतातली कंदमुळं उपटून कच्ची खायचा. बेड्या घातलेले गुलाम आपल्या ताटातलं थोडं लपवून त्याला आणून द्यायचे. ही गोष्ट त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. म्हणजे या माणसाला अगदी तळाशी असताना हात दिला तो साखळदंडातल्या माणसांनी. आणि पुढे त्याने काय केलं ते आपण पाहणारच आहोत.

त्या दिवसांत त्याच्याकडे एकच पुस्तक होतं, युक्लिडची भूमिती. बेटावरच्या वाळूत काठीने त्रिकोण आणि वर्तुळं काढत त्याने ते पुस्तक बरंचसं स्वतः शिकून काढलं.

इकडे बापाने ओळखीच्या जहाजमालकाला पोराचा शोध घ्यायला सांगितलं होतं. १७४७ मध्ये 'ग्रेहाउंड' जहाजाच्या कप्तानाला तो सापडला. हे जहाज सोनं, हस्तिदंत, मेण आणि लाकूड गोळा करणारं. घरी परतताना मार्च १७४८ मध्ये अटलांटिकमध्ये रात्री तुफान आलं. जहाजाची एक बाजू फुटून पाणी आत घुसलं. वर धावणाऱ्या जॉनला कप्तानाने सुरी आणायला परत पाठवलं, त्याच्या जागी जो वर गेला तो लाटेबरोबर वाहून गेला. मग तासन्‌तास पंप मारणं आणि पुढे सुकाणू धरून उभं राहणं. जहाजात मेण आणि हलकं लाकूड होतं म्हणून ते बुडलं नाही. जवळजवळ चार आठवडे उपासमारीत काढून ते आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलं. देवाधर्माची यथेच्छ टवाळी करणारा जॉन त्या रात्री अनेक वर्षांनी प्रार्थना करत होता.

सिनेमा असता तर इथे मध्यंतर झालं असतं आणि पुढच्या सीनला तो पाद्री दिसला असता. प्रत्यक्षात वादळातून वाचलेला, देवाला मानायला लागलेला जॉन न्यूटन त्यानंतर गुलामांच्या जहाजावर आधी पहिला अधिकारी आणि मग स्वतः कप्तान झाला. १७५० मध्ये त्याने मेरीशी लग्न केलं आणि १७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून तीन फेऱ्या केल्या. लिव्हरपूलहून माल घेऊन आफ्रिका, आफ्रिकेतून माणसं भरून वेस्ट इंडिज, तिथून परत. रविवारी डेकवर खलाशांसाठी प्रार्थना घ्यायचा, मेरीला प्रेमाने भरलेली पत्रं लिहायचा आणि त्याच वेळी पायाखालच्या फळ्यांखाली शेकडो माणसं साखळीत पडलेली असायची. एका फेरीत उठावाचा संशय आला तेव्हा त्याने लहान मुलांच्या अंगठ्यांना स्क्रू लावून माहिती काढली. त्याच्या स्वतःच्या रोजनाम्यात ही नोंद आहे.

ताटातला घास काढून देणारी माणसं त्याला तेव्हा आठवली का, याचं उत्तर रोजनाम्यात सापडत नाही.

१७५४ मध्ये सेंट किट्स बेटावर त्याची गाठ अलेक्झांडर क्लूनी नावाच्या दुसऱ्या एका कप्तानाशी पडली. न्यूटनच्या आयुष्यात हे नाव फार कमी लोक घेतात, पण वादळाइतकाच हा माणूस महत्त्वाचा आहे. क्लूनी श्रद्धाळू होता. जवळपास महिनाभर दोघं रोज रात्री एकमेकांच्या जहाजावर बसायचे आणि कधी कधी पहाटेपर्यंत बोलायचे. सहा वर्षं न्यूटन आपला विश्वास एकट्याने सांभाळत होता, बरं-वाईट विचारायला कोणी नव्हतं. क्लूनीने त्याला चारचौघांत प्रार्थना करायला शिकवलं, काय वाचावं ते सांगितलं आणि लंडनमध्ये कोणाला भेटावं हेही सुचवलं. एका माणसाने वेळ काढून बसण्याने काय होतं हे न्यूटनने तिथे अनुभवलं. पुढे आयुष्यभर त्याने हेच केलं.

त्याच वर्षी पुढच्या सफरीला निघायच्या दोन दिवस आधी, मेरीबरोबर चहा घेत असताना न्यूटनला झटका आला आणि तो तासभर बेशुद्ध पडला. डॉक्टरांनी समुद्र बंद केला. म्हणजे गुलामांचा धंदा त्याने सोडला तो तब्येतीमुळे, हेही स्पष्ट सांगायला हवं.

लिव्हरपूलला त्याला बंदरावर जहाजांची झडती घेणाऱ्या जकात अधिकाऱ्याची नोकरी लागली. फावल्या वेळात ग्रीक आणि हिब्रू शिकला. १७५८ पासून चर्च ऑफ इंग्लंडचा पाद्री व्हायचा प्रयत्न सुरू केला, पण विद्यापीठाची पदवी नाही, वर मेथडिस्टांशी उठबस. बिशप लोक दाद देईनात. सहा वर्षं नकार पचवले. शेवटी त्याने पत्रांच्या रूपात लिहिलेली स्वतःची कहाणी लॉर्ड डार्टमथ यांच्या वाचनात आली, त्यांनी शब्द टाकला आणि १७६४ मध्ये न्यूटन ओल्नी गावचा पाद्री झाला.

ओल्नी हे बकिंगहॅमशायरमधलं गरीब गाव. बायका-पोरं अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत बसून लेस विणायची, त्यावर घर चालायचं. न्यूटनचा पगार वर्षाला ६० पौंड. गावात फिरताना तो पाद्र्याच्या झग्याऐवजी जुना खलाशी कोट घालायचा. थेट लोकांच्या घरात शिरायचा, विणकाम चालू असताना बाजूला बसून विचारपूस करायचा. जॉन थॉर्नटन या श्रीमंत व्यापाऱ्याने त्याची कहाणी वाचली आणि गरिबांसाठी, पाहुण्यांसाठी म्हणून वर्षाला २०० पौंड लावून दिले. चर्चमध्ये गर्दी इतकी वाढली की आत माडी बांधावी लागली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ख्रिस्ती जगण्यात दुसऱ्याला धीर देणं हा नुसता चांगुलपणा मानला जात नाही, तो प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या कामाचा भाग समजला जातो. नव्या करारात योसेफ नावाच्या एका माणसाला येशूच्या शिष्यांनी बर्णबा हे टोपणनाव दिलं, त्याचा अर्थच धीर देणारा असा घेतला जातो. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा पौल बदलून यरुशलेमला आला तेव्हा कोणी त्याच्यावर विश्वास ठेवेना. बर्णबाने त्याचा हात धरून त्याला सगळ्यांपुढे नेलं. ज्याचा भूतकाळ काळा आहे त्याच्यासाठी कोणीतरी उभं राहावं लागतं, हे न्यूटनला वेगळं सांगायची गरज नव्हती.

त्याची खरी परीक्षा घेतली ती विल्यम कूपर या कवीने.

कूपर वकिली शिकलेला, अतिशय हळवा माणूस. तरुणपणी एका सरकारी पदासाठी सभागृहासमोर परीक्षा द्यायच्या धास्तीने त्याचं मन कोसळलं, जीव द्यायचा प्रयत्न झाला आणि तो दीड वर्ष मनोरुग्णांच्या दवाखान्यात होता. तिथून सावरल्यावर तो अनविन कुटुंबाकडे राहत होता. १७६७ मध्ये त्या घरचा कर्ता घोड्यावरून पडून गेला, न्यूटन सांत्वनाला गेला आणि काही दिवसांत सगळ्या कुटुंबाला ओल्नीला घेऊन आला. दोघांच्या घरांच्या मधे एक फळबाग होती. तिच्यातून ये-जा करायला ते मालकाला वर्षाला एक गिनी द्यायचे. जवळपास रोज भेट. कूपर त्याच्याबरोबर आजारी लोकांना भेटायला जायला लागला.

कूपरला एकटं सोडलं की त्याचं मन अंधारात जातं हे न्यूटनच्या लक्षात आलं होतं. त्याने दोघांनी मिळून प्रार्थनागीतांचं पुस्तक करायची टूम काढली. मित्राला कामात गुंतवायचं हा त्यातला एक हेतू होता. १ जानेवारी १७७३ च्या सभेसाठी न्यूटनने जे गीत लिहिलं ते आज 'अमेझिंग ग्रेस' म्हणून ओळखलं जातं. (आज आपण ऐकतो ती चाल मात्र अमेरिकेतली आहे, १८३५ मध्ये या शब्दांना जोडलेली.)

त्याच महिन्यात कूपर पुन्हा कोसळला. देवाने आपल्याला कायमचं टाकलं आहे अशी त्याची खात्री झाली आणि ती पुढे कधीच पूर्ण गेली नाही. एप्रिलमध्ये तो न्यूटनच्या घरी आला आणि परत जायला तयार होईना. न्यूटन आणि मेरीने त्याला १३ महिने घरात ठेवून घेतलं. रात्री-अपरात्री जागणं, त्याला एकटं न सोडणं, त्याच्या मनातल्या भयंकर कल्पना पुन्हा पुन्हा ऐकणं. शेजारीपाजारी बोलत होते, न्यूटनची स्वतःची कामं खोळंबत होती. मग एक दिवस कूपर अचानक आपल्या घरी परत गेला. बरा होऊन गेला असं नाही, फक्त गेला.

१७७९ मध्ये 'ओल्नी हिम्स' हे पुस्तक निघालं, ३४८ गीतांचं. त्यात कूपरची ७० च्याही आत, बाकी न्यूटनची. कूपर पुढे इंग्लंडचा गाजलेला कवी झाला, पण चर्चमध्ये त्याने पुन्हा पाऊल ठेवलं नाही. न्यूटन लंडनला गेल्यावरही वर्षानुवर्षं त्याला पत्रं लिहीत राहिला. १८०० मध्ये कूपर वारला, तोही निराशेतच. मोटिव्हेशनच्या गोष्टीत शेवटी माणूस उभा राहतो. इथे तो राहिला नाही, आणि न्यूटननेही हात सोडला नाही.

ओल्नीजवळच्याच गावात थॉमस स्कॉट नावाचा तरुण पाद्री होता. हुशार आणि तिखट. न्यूटनच्या श्रद्धेला तो भाबडेपणा समजायचा. पण स्कॉटच्या गावात दोन माणसं मरणाला टेकली होती, तेव्हा स्वतः स्कॉट फिरकला नाही आणि न्यूटन मात्र ओल्नीहून चालत त्यांना भेटून गेला. हे कळल्यावर स्कॉट मनातून शरमला. पुढे १७७५ मध्ये त्याने न्यूटनशी पत्रातून वाद उकरून काढला. न्यूटन वादात उतरलाच नाही. मैत्रीने लिहीत राहिला आणि वाट पाहिली. काही वर्षांत स्कॉट आपणहून त्याच्याजवळ आला. कमेंट बॉक्समध्ये एका रात्रीत निकाल लावणाऱ्यांना हा प्रकार फारच संथ वाटेल.

या स्कॉटचं प्रवचन ऐकून ज्यांच्यावर परिणाम झाला त्यात चपला शिवणारा एक तरुण होता, विल्यम कॅरी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

१७८० च्या सुरुवातीला न्यूटन लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवरच्या सेंट मेरी वुलनॉथ चर्चमध्ये आला. आजूबाजूला बँका आणि पेढ्या. इथे त्याच्या घरी सकाळच्या न्याहारीला तरुण पाद्री, विद्यार्थी, व्यापारी यांची ये-जा सुरू झाली. न्यूटन पाईप ओढत गप्पा मारायचा, हसवायचा आणि बोलता बोलता समोरच्याची गाठ सोडवायचा. त्याच्या पत्रांचा 'कार्डिफोनिया' हा संग्रहही याच सुमारास आला आणि खूप वाचला गेला. लेखिका हॅना मोर तो वाचूनच त्याच्या संपर्कात आली. ऑस्ट्रेलियाला कैद्यांच्या पहिल्या ताफ्याबरोबर गेलेला पाद्री रिचर्ड जॉन्सन यालाही तो लंडनहून पत्रं लिहून धीर द्यायचा.

आणि मग ७ डिसेंबर १७८५.

न्यूटन आणि विल्बरफोर्स यांची तशी जुनी ओळख होती. लहानपणी विल्बरफोर्स काकांकडे राहायचा तेव्हा त्याने न्यूटनचं बोलणं ऐकलं होतं आणि तो भारावला होता. पोरगा मेथडिस्ट होईल या भीतीने आईने त्याला तिथून उचलून घरी नेलं. आता तोच पोरगा खासदार होऊन दारात उभा होता. त्याला वाटत होतं, खरं ख्रिस्ती आयुष्य जगायचं तर राजकारण, पार्ट्या, सत्ता सगळं सोडून द्यावं.

कुठल्याही पाद्र्याला मोह व्हावा असा क्षण. एवढा मोठा माणूस चर्चमध्ये आला तर केवढं नाव झालं असतं. न्यूटनने उलटा सल्ला दिला. आहेस तिथेच राहा, मित्रांना तोडू नकोस, देवाला संसदेतही माणसं लागतात, असा त्याचा सूर होता. विल्बरफोर्स परतला तेव्हा त्याच्या मनावरचं ओझं बरंच उतरलं होतं. दोन वर्षांत, १७८७ मध्ये त्याने गुलामांचा व्यापार बंद करण्याचं काम हाती घेतलं.

आता न्यूटनची पाळी होती. समुद्र सोडून ३० हून जास्त वर्षं झाली होती. या सगळ्या काळात त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जाहीरपणे काही लिहिलं नव्हतं. ज्या माणसाच्या पत्रांनी शेकडो लोकांना उमेद दिली, त्याच्याकडे आपल्या जहाजातल्या माणसांसाठी एवढी वर्षं शब्द नव्हते. हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा डाग आहे आणि तो पुसून टाकायची गरज नाही.

जानेवारी १७८८ मध्ये त्याने आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराबद्दल पुस्तिका काढली. आपण यात भागीदार होतो आणि आपली कबुली फार उशिरा येते आहे, हे त्याने सुरुवातीलाच मान्य केलं. मग जहाजात माणसं कशी कोंबायचे, किती मरायचे, बायकांचं काय व्हायचं, अवजारं कशी वापरायचे, सगळं सरळ सांगितलं. चळवळीतल्या लोकांनी ती खासदारांना वाटली. पुढे प्रिव्ही कौन्सिल आणि संसदेच्या समितीपुढे त्याने साक्षही दिली. व्यापाराच्या बाजूने बोलणारे कप्तान पुष्कळ होते. विरुद्ध बोलणारा, स्वतः जहाज चालवलेला असा माणूस मिळणं कठीण होतं.

१७९१ मध्ये विल्बरफोर्सचा प्रस्ताव १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला. नंतरही पडत राहिला. १७९६ मध्ये फक्त चार मतांनी गेला, ७४ विरुद्ध ७०. हे जास्त लागलं, कारण आपल्याच बाजूचे काही खासदार त्या रात्री ऑपेरा बघायला गेले होते. विल्बरफोर्स आजारी पडला, वैतागला आणि सार्वजनिक आयुष्य सोडायचा विचार करू लागला. ७१ च्या घरातल्या न्यूटनने त्याला पत्र लिहिलं. परक्या राजाच्या दरबारात आयुष्यभर काम करणाऱ्या दानिएलची आठवण करून दिली, आणि फळ दिसत नसलं तरी तुझ्या तिथे असण्याला अर्थ आहे हे पटवलं. ११ वर्षांपूर्वी त्याला जे सांगितलं होतं तेच पुन्हा. विल्बरफोर्स थांबला.

त्याच काळात न्यूटनच्या चर्चमध्ये क्लॉडियस बुकॅनन नावाचा एक स्कॉटिश तरुण आला होता. युरोप फिरायला जातो असं घरी खोटं सांगून, व्हायोलिन घेऊन तो निघालेला, आणि लंडनमध्ये हलाखीत अडकलेला. त्याने न्यूटनला निनावी पत्र लिहिलं. पत्ता नाही, नाव नाही, तर उत्तर कुठे द्यायचं? न्यूटनने चर्चमध्येच जाहीर केलं की ज्याने पत्र लिहिलंय त्याने येऊन भेटावं. बुकॅनन आला. न्यूटनच्या ओळखीने त्याच्या केंब्रिजच्या शिक्षणाची सोय झाली, थोडे दिवस तो न्यूटनचा मदतनीस होता आणि मग ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री म्हणून कलकत्त्याला आला. १८०० मध्ये तिथे फोर्ट विल्यम कॉलेज निघालं, त्याचा तो उपप्रमुख झाला. त्याच कॉलेजात शिकवायला कोण आलं? तो चपला शिवणारा विल्यम कॅरी. कॅरी तिथे बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवायचा. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने त्याने मराठीचं व्याकरण लिहिलं, ते १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापलं गेलं. (बंगालमधलं श्रीरामपूर, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे.) १८१० मध्ये त्याचा मराठी-इंग्रजी कोशही आला. ओल्नीच्या खलाशी कोटवाल्याला मराठी नावाची भाषा आहे हे माहीत तरी होतं का, कोण जाणे.

दुसऱ्यांना सावरणाऱ्या न्यूटनच्या स्वतःच्या घरात काय चाललं होतं? मेरीला कॅन्सर झाला. १५ डिसेंबर १७९० ला ती गेली. तिच्या अंत्यविधीचं प्रवचन त्याने स्वतःच दिलं, दुसऱ्या कोणाला देऊ दिलं नाही. त्यांना मूल नव्हतं. दोन भाच्या सांभाळल्या, त्यातली एक तरुणपणीच वारली. दुसरी बेट्सी म्हातारपणी त्याचे डोळे झाली होती. १८०१ च्या सुमारास तीच मानसिक आजाराने खचली आणि तिला बेडलमच्या इस्पितळात ठेवावं लागलं. ७६ वर्षांचा, जवळपास आंधळा न्यूटन कोणाचा तरी हात धरून रोज सकाळी त्या इमारतीखाली जाऊन उभा राहायचा, असं सांगतात. वरच्या खिडकीकडे पाहून रुमाल हलवायचा आणि बरोबरच्या माणसाला विचारायचा, तिने हात हलवला का? हो म्हटलं की घरी परतायचा. पुढे बेट्सी बरी होऊन परत आली.

न्यूटन ऑक्टोबर १८०६ पर्यंत प्रवचन देत होता. ऐकू कमी येई, दिसत नसे, बोलता बोलता विषय विसरे. मागे उभा असलेला माणूस कुठे होतो ते हळूच सांगायचा.

२३ फेब्रुवारी १८०७ ला हाउस ऑफ कॉमन्समध्ये पुन्हा मतदान झालं. या वेळी २८३ विरुद्ध १६. विल्बरफोर्स बाकावर बसून रडत होता. २५ मार्चला कायदा झाला. गुलामगिरी संपायला अजून २६ वर्षं लागणार होती, पण ब्रिटिश जहाजांतून माणसांचा व्यापार बेकायदा ठरला. म्हाताऱ्या न्यूटनला हे ऐकायला मिळालं. त्याच वर्षी २१ डिसेंबरला तो गेला, ८२ व्या वर्षी.

त्याला मेरीशेजारी सेंट मेरी वुलनॉथमध्ये पुरलं. १८९३ मध्ये दोघांचे अवशेष ओल्नीला हलवले. समाधीवरचा मजकूर त्याने स्वतः लिहून ठेवला होता. त्यात गाण्याचा उल्लेख नाही, विल्बरफोर्सचाही नाही. आफ्रिकेत आपण गुलामांचा चाकर होतो, एवढं मात्र त्याने लिहिलं आहे. आपण त्यांच्या जहाजाचे कप्तान होतो, हे तिथे लिहिलेलं नाही.